गुरुवारची चौकट

शहरात कुठे काय चाललंय ते यादीसाहेबांना विचारावं, असं सगळेच म्हणत. खुद्द यादीसाहेब तर फारच म्हणत. एका बऱ्यापैकी खपाच्या दैनिकात दर रविवारी त्यांचं 'आठवडा आपला' हे सदर येई. सात दिवसांच्या सात चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत त्या दिवशी शहरात करण्याजोगी एक गोष्ट. एकोणीस वर्षं हे सदर ते एकहाती चालवत होते आणि या एकोणीस वर्षांत, त्यांनी लोकांना जिथे जिथे धाडलं, त्यातल्या एकाही ठिकाणी ते स्वतः फिरकले नव्हते. यादीसाहेब हे नाव कचेरीने त्यांना चिडवण्यासाठी ठेवलं होतं. पण त्यांना ते मानाचं वाटे, म्हणून मग चिडवण्यातली मजाच गेली आणि नाव तेवढं राहिलं.

कामाची पद्धत अगदी सोपी होती. गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा अंक काढायचा, तारखा बदलायच्या, एखादं विशेषण इकडचं तिकडे करायचं. वसंतातल्या सदराची सुरुवात तर ठरलेलीच होती: 'वसंताच्या चाहुलीने आपले शहर मोहरून गेले आहे.' एका वर्षी त्याच रविवारी गारा पडून कचेरीच्या दोन काचा फुटल्या होत्या. त्या फुटक्या काचांशेजारी बसून यादीसाहेबांनी शांतपणे शहर मोहरवलं होतं.

अडचण फक्त गुरुवारची होती. गुरुवारी काही ठेवावं असं या शहरात कुणालाच वाटत नसे. आठवड्याचा आरंभ म्हणून लोक सोमवारी व्याख्यानं ठेवत, सुट्टी म्हणून रविवारी गाणी ठेवत, पण गुरुवार बिचारा ना इकडचा ना तिकडचा. आणि पान लावणारी बाई तर ऐकायला तयार नसे. सात चौकटी म्हणजे सात चौकटी, एक जरी रिकामी आली तर त्या जागी मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात टाकीन, असं तिने पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. आपल्या वसंताच्या मधोमध मूळव्याध यावी, हे यादीसाहेबांना सहन होण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून गुरुवारची चौकट ते मनानेच भरत.

मनाने म्हणजे अगदी बेजबाबदारपणे नव्हे हं. त्याचेही नियम होते. जागा खरी असावी, पण आडबाजूची. वेळ पहाटेची असावी, म्हणजे भला माणूस अंथरुणातच विचार बदलेल. तिकीट नसावं, फोन नंबर नसावा. मार्गदर्शन करणारे 'ज्येष्ठ जाणकार' असावेत, पण त्यांना नाव नसावं. आणि शेवटी एक ओळ हमखास असावी: 'हवामानानुसार बदल संभवतो.' म्हणजे चुकूनमाकून कुणी गेलंच, तर त्याने आभाळाकडे बघावं आणि आभाळालाच दोष देऊन घरी यावं. पण मुळात कुणी जातच नाही याबद्दल यादीसाहेबांच्या मनात काडीची शंका नव्हती. स्वतः ते कुठे जात नसत, म्हणजे लोकही जात नसणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आता यात त्यांच्या बायकोचा संबंध असा, की ती यंदाच्या वसंतात निवृत्त झाली.

एकतीस वर्षं ती मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढत होती. खोलीला खिडकी नाही, भिंतींना शिसं, आणि दिवसभर तोंडात एकच वाक्य: श्वास धरा, आता सोडा. दर गुरुवारी वर हाडांची ओपीडी असे. मोडलेले, मुरगळलेले, सुजलेले असे शंभरेक हातपाय खाली येत, आणि त्या दिवशी तिला रजा म्हणून कधी मिळायची नाही. संध्याकाळी वर आल्यावर उजेड कमी आणि घरचं काम जास्त. मग रविवारी सदर वाचून ती म्हणायची, अहो, हे बरं दिसतंय, जाऊ या का. यादीसाहेब वर न बघता म्हणायचे, त्यात काय बघायचंय, मी लिहिलंय ना सगळं. आणि ती गप्प बसायची. ती पटून गप्प बसते, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते.

निवृत्तीच्या पहिल्याच रविवारी तिने पेपर चौकोनी घडी करून हातात घेतला आणि जाहीर केलं, की या आठवड्यात सातही ठिकाणी जाणार. सोमवार ते रविवार, एक सोडायचं नाही. तुम्ही येता का, असंही विचारलं. यादीसाहेब म्हणाले, मला कामं आहेत. हसण्यावारी न्यायला म्हणून म्हणाले.

सोमवारी ती जुन्या रोपवाटिकेत फुलांचं प्रदर्शन बघायला गेली. तिथे आता गाड्या लावतात. पहारेकऱ्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, वसंत आला की तुमच्यासारखी पाच-पंचवीस माणसं हातात पेपर घेऊन येतातच. प्रदर्शन चार वर्षांपूर्वीच पुलापलीकडे गेलंय. ती पुलापलीकडे चालत गेली, फुलं बघून आली. घरी येऊन तिने हे सगळं सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच सांगितलं. यादीसाहेब म्हणाले, आयोजकांनी कळवायला नको का. मंगळवारी ती संग्रहालयात गेली, मंगळवारी प्रवेश मोफत असं लिहिलं होतं म्हणून. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. मोफत आहे हे खोटं नव्हतं म्हणा, दारावर कुणी पैसे मागितले नाहीत. बुधवारी 'ऋतू आणि मानवी मन' यावर प्राध्यापकांचं व्याख्यान खरोखरच होतं. ऐकायला चार जण होते, त्यातला एक माईकवाला. बायकोला तासभर छान झोप लागली. एकतीस वर्षांत दिवसाउजेडी अशी झोप मिळाली नव्हती, असं ती म्हणाली.

तीन दिवस यादीसाहेबांनी आयोजकांवर, पालिकेवर आणि काळावर खापर फोडून निभावून नेलं. पण बुधवारी संध्याकाळी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. या गुरुवारच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं: 'पालवी फुटतानाचा आवाज कधी ऐकलाय? नदीकाठच्या जुन्या पंपघरामागे सकाळी साडेसहा वाजता झाडाला कान लावून ऐका. मार्गदर्शन: ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञ. हवामानानुसार बदल संभवतो.' लिहिताना त्यांना स्वतःलाच आपलं कौतुक वाटलं होतं. आता बायको उद्या पहाटे उठून त्या ओसाड पंपघरामागे एकटी उभी राहणार, तासभर वाट बघणार, आणि मग तिच्या लक्षात येणार. एक गुरुवार लक्षात आला की बाकीचे हजार गुरुवार यायला कितीसा वेळ? आणि मग 'मी लिहिलंय ना सगळं' म्हणून ज्या ज्या ठिकाणी तिला नेलं नव्हतं, ती सगळी ठिकाणं रांगेने घरात येऊन बसणार. पेपरातल्या माणसांना काय वाटतं याची यादीसाहेबांना पर्वा नव्हती. या एका बाईसमोर मात्र त्यांना शहाणं राहायचं होतं.

उद्याचा कार्यक्रम बहुतेक रद्द झालाय, असं त्यांनी जेवताना सहज बोलल्यासारखं सांगितलं.

"कुणी कळवलं?" बायकोने विचारलं.

"हवामान," यादीसाहेब म्हणाले.

बायकोने खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. तिने भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं आणि गजर लावायला गेली.

पहाटे तिच्या पाठोपाठ निघायचं असं यादीसाहेबांनी ठरवलं होतं. तिला वाटेतच गाठावं, काहीतरी सांगून परत आणावं. पण ज्याने शहराला एकोणीस वर्षं वाट दाखवली, त्याला नदीकडे जायची बस माहीत नव्हती. पहिल्या बसने त्यांना गोदामांकडे नेलं, दुसरीने मूळ जागी आणलं. शेवटी एका दूधवाल्याला विचारून, धापा टाकत, चिखलात बूट माखून ते पंपघरापाशी पोचले तेव्हा सव्वासात झाले होते. भिंतीआडून त्यांनी हळूच डोकावून पाहिलं.

पंपघरामागे बारा माणसं होती आणि बाराही जण एकेका झाडाला कान लावून उभे होते. तेरावी त्यांची बायको होती. एका जाड बुंध्याला तिने गाल टेकला होता, डोळे मिटले होते, आणि शेजारच्या झाडाला चिकटलेल्या एका उंच, म्हाताऱ्या माणसाला ती म्हणत होती, "श्वास धरा. आता सोडा." त्यावर सगळे इतके हसले की दोघातिघांना झाड धरून उभं राहावं लागलं.

मग थर्मास निघाले, चहा झाला. तो उंच म्हातारा निवृत्त पोस्टमन होता आणि या मंडळींचा म्होरक्या असावा. तो एका नव्याने आलेल्या जोडप्याला समजावून सांगत होता, आणि भिंतीआडून यादीसाहेबांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. जाणकार येणार नाहीत, तो म्हणत होता, ते कधीच येत नाहीत. नऊ वर्षांपूर्वी तो स्वतः पहिल्यांदा आला तेव्हा जाम वैतागला होता. तिथे दुसरा एक जण तितकाच वैतागलेला भेटला. दोघांनी मिळून पेपराला शिव्या घातल्या आणि त्या नादात दोन तास फिरले. पुढच्या गुरुवारी पुन्हा शिव्या घालायला आले. आता दर गुरुवारी ठरलेलंच. पेपरात जे म्हटलंय ते करायचं, कितीही वेडगळ असलं तरी. मागच्या थंडीत धुक्याच्या जाती ओळखायच्या होत्या. सत्तावीस निघाल्या.

नव्या जोडप्यातल्या बाईने विचारलं, की हे लिहितो तरी कोण.

"घराबाहेर न पडणारा असणार," पोस्टमन म्हणाला. "बाहेर पडणाऱ्याला इतकं सुचत नाही. पण माणूस गुणी हं. मोडक्या पंपघरामागे एवढी झाडं आहेत, हे आम्हाला कोण सांगणार होतं?"

यादीसाहेबांनी तिकडे पाहिलं. झाडं खरंच होती, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला कोवळी, तांबूस पानं होती. त्यांनी ती या वर्षी पहिल्यांदाच बघितली. मग त्यांनी मान खाली घातली आणि बस शोधायला निघाले.

बायको दहा वाजता घरी आली. कानाला सालपट चिकटलेलं, आणि चेहऱ्यावर यादीसाहेबांनी कित्येक वर्षांत न पाहिलेली तरतरी. कसं झालं, असं त्यांनी पेपरामागून विचारलं.

"तुम्ही होतात की तिथे," ती म्हणाली. "भिंतीमागे. दारातले बूट बघा तुमचे."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते यादीसाहेबांना तेव्हा कळलं. ते आयोजकांबद्दल काहीतरी बोलू लागले. तिने त्यांना बोलू दिलं नाही. सहा वर्षांपूर्वी, तिने सांगितलं, एका गुरुवारी तिच्याकडे एक घोटा आला होता. सुजून भोपळा झालेला. घोट्याचा मालक एक उंच पोस्टमन होता आणि तो वेदनेने कळवळण्याऐवजी हसत होता. कसं लागलं विचारलं, तर म्हणाला, पेपरात सांगितल्याप्रमाणे उलटं चालत टेकडी उतरत होतो. मग त्याने सगळंच सांगितलं, गुरुवारबद्दल, आणि न येणाऱ्या जाणकारांबद्दल. तिने त्याचा घोटा चार बाजूंनी काढला, गोष्ट पुरी व्हावी म्हणून.

"सहा वर्षं?" यादीसाहेब म्हणाले. "आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही बंद केलं असतंत. मला निवृत्त झाल्यावर जायचं होतं."

रागवावं असं वाटलं, पण राग कुणावर काढायचा तेच ठरेना. तळघरात, शंभर हातपायांच्या मध्ये, ही बाई सहा वर्षं गुरुवार मोजत होती आणि ते गुरुवार तिच्याच घरातून, त्यांच्या टेबलावरून पेपराकडे जात होते. तिला ते हवे होते. त्यांनी लिहिलेल्या सगळ्यातलं हे एवढंच हवं होतं. यादीसाहेबांना एकदम फार एकटं वाटलं, आणि त्यांनी आयुष्यात न विचारलेली गोष्ट विचारली.

"पुढच्या गुरुवारी मीही येऊ?"

बायकोला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "नको," ती म्हणाली. "तिथे कुणालाच काही ठाऊक नसतं, त्यातच सगळं आहे. तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता. पण यादीसाहेबांनी यावर रात्रभर विचार केला आणि, विचार करणाऱ्या माणसाचं होतं तसं त्यांचं झालं, नेमकी चूक गोष्ट त्यांना पटली. गुरुवार खोटा आहे म्हणून आपल्याला जाता येत नाही, तर मग गुरुवार खरा करू या. खऱ्या कार्यक्रमाला कुणीही जाऊ शकतं. बायकोच्या शेजारी उभं राहू शकतं.

शुक्रवारी त्यांनी एकोणीस वर्षांत केले नव्हते इतके फोन केले. एका महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे अस्सल प्राध्यापक मिळाले. त्यांना पंपघराचा पत्ता सांगितला, वेळ ठरवली, येण्याजाण्याची व्यवस्था केली. रविवारी सदर आलं. गुरुवारच्या चौकटीत प्राध्यापकांचं पूर्ण नाव होतं, पदव्या होत्या, फोन नंबर होता. हवामानाची ओळ नव्हती. पान लावणाऱ्या बाईने दोनदा विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय ना.

त्या रविवारी बायकोने चौकट वाचली आणि पेपर मिटून ठेवला. यादीसाहेबांना वाटलं, भारावली.

गुरुवारी दोघं बरोबर निघाले. तिनेच त्यांना बस दाखवली. पंपघरामागे मंडळी आधीच जमली होती आणि थोडी गडबडलेली होती, कारण प्राध्यापक त्यांच्याही आधी येऊन ठेपले होते. गळ्यात शिट्टी होती आणि वाटायला छापील कागद होते. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं, की पालवी फुटताना कसलाही आवाज होत नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे. झाडाला कान लावल्याने मुंग्या तेवढ्या कानात जातात. मग त्यांनी पानांचे प्रकार सांगायला घेतले. ते फार चांगलं बोलत होते. दोन तास बोलले. थर्मास कुणी उघडलेच नाहीत, मध्ये उघडणं बरं दिसलं नसतं. एका काकूंनी सवयीने एका बुंध्यापाशी गाल नेला आणि प्राध्यापकांनी शिट्टी वाजवली.

शेवटी यादीसाहेब पुढे झाले. हा कार्यक्रम, त्यांनी हात जोडून सांगितलं, त्यांनीच घडवून आणला होता. 'आठवडा आपला' तेच लिहितात.

पोस्टमनने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही बाहेर पडता." इतकंच म्हणाला, आणि काठी उचलून निघाला. बाकीचेही छापील कागदाची घडी करत एकेक करून पांगले. बरोबर कुणीच गेलं नाही. परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली होती. यादीसाहेब तिच्या शेजारी होते. तिथेच त्यांना बसायचं होतं, तसे ते बसले होते, आणि घर येईपर्यंत ती बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुढच्या आठवड्याच्या चौकटी भरायला घरीच टेबलाशी बसले असताना, दिवसभर बाहेर फिरून आलेल्या बायकोने चहाच्या कपाशेजारी एक पाकीट ठेवलं. वर दैनिकाचा पत्ता होता, तिकीट लावलं नव्हतं. आत सुवाच्य अक्षरात एक पत्र होतं:

'महोदय, आपल्या सदरात जाहीर केल्याप्रमाणे काल तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर होते, वेळेवर आले आणि दोन तास बोलले. यामुळे नियमित वाचकांची घोर निराशा झाली आहे. असा प्रकार पुन्हा घडू नये ही विनंती.'

खाली तेरा सह्या होत्या. यादीसाहेबांनी त्या एकेक करून वाचल्या आणि तेराव्या सहीवर त्यांचा डोळा थांबला.

"यात तुझीही आहे," ते म्हणाले.

"मजकूर माझाच आहे," बायको म्हणाली. "पोस्टमननी नुसतं अक्षर दिलंय."

तिचा आवाज कडक नव्हता. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, इस्पितळात ठेवत असेल तसा, दुखणाऱ्याला सरळ उभं करण्यापुरता. यादीसाहेबांनी पत्र बाजूला ठेवलं. पुढ्यात गुरुवारची चौकट रिकामी पडली होती. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, आणि बायकोकडे पाहिलं. तिने घाईने तोंड फिरवलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, म्हणजे तिला चुकूनसुद्धा काही दिसू नये.